जॅक जॉन्सन नेमका कितवा?

सर्वकालीन श्रेष्ठ हेवीवेट मुष्टियोद्धा कोण, हा वाद निघाला की आपल्या पोरांचे उत्तर तयार असते: मुहम्मद अली. त्यावर आमचे काही म्हणणे नाही, आम्हीही अलीलाच पहिला मानतो. आमचा वाद पुढच्या क्रमांकांबद्दल आहे, आणि विशेषतः एका माणसाबद्दल. अली जगज्जेता झाला १९६४ साली. त्याच्या ५६ वर्षे आधी, २६ डिसेंबर १९०८ ला, हेवीवेटचा जागतिक किताब जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय जॅक जॉन्सन. हा नेमका कितवा?

या प्रश्नाची जुनी उत्तरे पाहिली तर गंमत दिसते. 'द रिंग' मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी आयुष्यभर मुष्टियुद्धे पाहिली. त्यांच्या हेवीवेटच्या यादीत जॉन्सन पहिला होता, जो लुई सहावा, आणि अली पहिल्या दहांत नव्हता. दुसरीकडे १९५० साली असोसिएटेड प्रेसने अमेरिकन क्रीडापत्रकारांचा कौल घेतला तेव्हा अर्ध्या शतकातला सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा ठरला गोरा जॅक डेम्प्सी. म्हणजे यादी कोण करतो, कोणत्या काळात करतो आणि काय मोजतो, यावर सगळे अवलंबून. आम्ही मोजायला बसलो तर आधी विचारू की मैदानात उतरायची परवानगी कोणाला होती.

ती परवानगी कशी नाकारली जायची ते बघा. जॉन एल. सुलिव्हन १८८२ ते १८९२ जगज्जेता होता. काळ्या माणसाशी आपण लढणार नाही, हे त्याने उघडपणे जाहीर केले होते. त्या काळात पीटर जॅक्सन नावाचा अफाट कृष्णवर्णीय योद्धा होता, जन्म कॅरिबियन बेटांवरचा, घडला ऑस्ट्रेलियात. मे १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तो जेम्स कॉर्बेटशी लढला. ६१ फेऱ्या झाल्या आणि निकाल लागला नाही. दोघेही तुल्यबळ, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वर्षी सुलिव्हनशी किताबाची लढत मिळाली ती कॉर्बेटला. त्याने ती जिंकली, जगज्जेता झाला, इतिहासात गेला. जॅक्सन क्षयाने खंगून १९०१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये मेला. त्याला किताबाची एकही लढत मिळाली नाही. आता सांगा, कॉर्बेटची गुणवत्ता जॅक्सनपेक्षा किती जास्त होती?

गुणवत्ता हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. दार बंद ठेवायचे आणि आत कोणी दिसत नाही म्हणून बाहेरच्यांना नालायक ठरवायचे, हा खेळ आपल्याला नवा नाही. बाळू पालवणकरांची गोलंदाजी संघाला हवी होती, कर्णधारपद मात्र त्यांना नाकारले गेले.

कृष्णवर्णीयांसाठी अमेरिकेत वेगळा किताब होता, 'कलर्ड हेवीवेट चॅम्पियन' नावाचा. पंगत वेगळी, माठ वेगळा, तसा पट्टाही वेगळा. जॉन्सनने तो फेब्रुवारी १९०३ मध्ये लॉस एंजेलिसला डेन्व्हर एड मार्टिनला हरवून घेतला. जॉन्सनचा जन्म १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा, आईबाप दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. त्या वेगळ्या पंगतीत तो कोणाशी लढला? सॅम मॅकव्हे, ज्याला त्याने तीनदा हरवले. जो जीनेट, ज्याच्याशी तो पुन्हा पुन्हा लढला. एप्रिल १९०६ मध्ये सॅम लँगफर्ड, जो तेव्हा जॉन्सनपेक्षा जवळपास ३० पौंडांनी हलका होता आणि तरीही पंधरा फेऱ्या उभा राहिला. ही माणसे साधी नव्हती. याच मॅकव्हे आणि जीनेटची एप्रिल १९०९ ची पॅरिसमधली लढत ४९ फेऱ्या चालली होती. आमचे म्हणणे असे की जॉन्सनच्या मोठेपणाचा सर्वात भक्कम पुरावा या वर्षांत आहे, आणि रेकॉर्डबुकवाले नेमकी हीच वर्षे दोन ओळींत उरकतात, कारण तेव्हा त्याच्या कमरेला 'खरा' पट्टा नव्हता.

गोरा विजेता जेम्स जेफ्रीज १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झाला, काळ्या आव्हानवीरांना किताबाची लढत न देता. पुढे किताब टॉमी बर्न्सकडे आला. जॉन्सन त्याच्या मागे लागला तो थेट ऑस्ट्रेलियापर्यंत. शेवटी पैशाने भिंतीला भोक पाडले. प्रवर्तक ह्यू मॅकिन्टॉशने बर्न्सला ३० हजार डॉलर कबूल केले, जॉन्सनला ५ हजार. सिडनीच्या त्या लढतीत पंच म्हणूनही मॅकिन्टॉशच उभा होता. काही फरक पडला नाही. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि कॅमेरेही बंद केले गेले. गोरा विजेता काळ्याच्या हातून आडवा होतानाचे चित्र जगाला दिसू नये, एवढीच काळजी.

जॉन्सन लढायचा कसा, यावर थोडे थांबले पाहिजे, कारण क्रमवारीच्या गप्पांत नेमके हेच राहून जाते. तो अंगावर धावून जाणारा नव्हता. समोरच्याला पुढे येऊ द्यायचा, त्याचा ठोसा उघड्या हाताने वाटेतच झेलायचा किंवा दंडावर हात ठेवून तो सुटण्याआधीच मारायचा. हुलकावणी द्यायची, समोरचा फसला की खालून अपरकट. जवळ आला की मिठीत घेऊन दमवायचे आणि खांद्यावरून प्रेक्षकांशी गप्पा मारायच्या. वीस, तीस, पंचेचाळीस फेऱ्यांच्या त्या जमान्यात दम राखून लढणे हीच मोठी विद्या होती. कॉर्बेट असाच बचावावर भर देऊन लढायचा. त्याला वर्तमानपत्रांनी 'जंटलमन जिम' म्हटले आणि त्याच्या लढण्याला शास्त्र ठरवले. जॉन्सन तेच करू लागल्यावर तो आळशी, कावेबाज, भित्रा ठरला. डोके गोऱ्याचे आणि अंगमेहनत काळ्याची, ही वाटणी त्याने रिंगमध्ये मोडली होती. राग त्याचा होता. आजच्या याद्यांत त्याचे तंत्र कमी लेखले जाते तेव्हा हा जुना राग कुठेतरी झिरपलेला असतो, असे आम्हाला वाटते.

मग गोऱ्यांनी जेफ्रीजला शेतावरून उठवून आणले. कादंबरीकार जॅक लंडनने सिडनीहूनच त्याला साकडे घातले होते. ४ जुलै १९१० ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेवाडातल्या रेनो इथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवले. त्याआधी जेफ्रीज कधी खाली पडला नव्हता. त्या रात्री अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले, माणसे मारली. लढतीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ मध्ये अशा चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर केंद्रीय कायदाच झाला.

इथपर्यंत वाचून आपले तरुण मित्र म्हणतील, मग झाले की, पहिला नाही तर दुसरा क्रमांक द्या! आम्ही देत नाही. कारण सांगतो.

किताब हाती आल्यावर जॉन्सन कोणाशी लढला, याची यादी काढा. बर्न्स स्वतः ५ फूट ७ इंचांचा. स्टॅन्ली केचेल मुळात मिडलवेटचा विजेता. त्याने बाराव्या फेरीत जॉन्सनला खाली पाडले हे खरे, आणि लगेच स्वतः गार झाला हेही खरे. जेफ्रीज ३५ वर्षांचा आणि जवळपास सहा वर्षे रिंगबाहेर. जिम फ्लिन जॉन्सनकडून आधीच एकदा हरलेला. याच वर्षांत लँगफर्ड, जीनेट, मॅकव्हे हे तिघेही ऐन भरात होते आणि आव्हान देत होते. जॉन्सनने एकालाही किताबाची लढत दिली नाही. लँगफर्ड तर आता १९०६ चा हलका पोरगा राहिला नव्हता. हिशेब सरळ होता: गोऱ्या आव्हानवीराशी लढले की तिकिटे खपतात, दोन काळ्यांच्या लढतीला तेवढा पैसा नाही. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला तो बॅटलिंग जिम जॉन्सन या कृष्णवर्णीयाशी लढला खरा, पण तो या तिघांच्या पंक्तीतला नव्हता, आणि ती लढतही बरोबरीत सुटली.

ज्या भिंतीवर डोके आपटत त्याने तरुणपण घालवले, ती त्याने आत शिरल्यावर तशीच राहू दिली. वर चढलेला माणूस शिडी ओढून घेतो, ही उदाहरणे आपल्या वस्तीतही कमी नाहीत.

काही कार्यकर्त्यांना हे बोलणे आवडत नाही. आपल्यातल्या माणसावर टीका म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत, असे त्यांचे मत. त्यांनी बाबासाहेबांचे १८ जानेवारी १९४३ चे पुण्यातले भाषण वाचावे. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला ते बोलले आणि विषयच मुळी मोठा माणूस कोणाला म्हणावे हा होता. नामवंत माणूस आणि थोर माणूस यांत त्यांनी फरक केला, थोरपणाला सामाजिक हेतूची अट घातली आणि विभूतिपूजेवर कोरडे ओढले. मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी लावताना हा निकष जसाच्या तसा लावा, असे आम्ही म्हणणार नाही. ठोसा तो ठोसाच. पण सर्वात दमदार प्रतिस्पर्ध्यांना टाळले, ही निव्वळ नैतिक तक्रार नाही. ती खेळाच्या हिशेबातलीही उणी बाजू आहे.

त्याच्या बाजूने मात्र एक मोठी गोष्ट मोजावीच लागेल. रिंगमध्ये हरवता येईना तेव्हा त्याला कोर्टात हरवले गेले. गोऱ्या स्त्रियांशी त्याचे संबंध आणि लग्ने हा समाजाला खुपणारा काटा होता. मान कायद्याखाली १९१३ मध्ये सर्व गोऱ्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले, शिक्षा एक वर्ष आणि एक दिवस. तो देश सोडून पळाला. बाबासाहेब त्याच वर्षी जुलैत कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा जगज्जेता जॉन्सन अमेरिकेबाहेर फरार होता. त्याच्या वागण्यावर काळ्या समाजातही एकमत नव्हते. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी जाहीर नापसंती दाखवली, तर ड्यू बॉइस यांनी १९१४ मध्ये लिहिले की या माणसाचा खरा गुन्हा त्याचे काळेपण आहे. आम्ही ड्यू बॉइस यांच्या बाजूचे. पस्तिशीनंतरची, परागंदा आणि सरावाविना गेलेली ती वर्षे धरूनच ५ एप्रिल १९१५ चा हवानातला पराभव वाचला पाहिजे. ३७ वर्षांचा जॉन्सन, समोर साडेसहा फुटांचा जेस विलर्ड, आणि निकाल सव्विसाव्या फेरीत. शिक्षा भोगायला तो १९२० मध्ये परतला. सरकारने माफी दिली २०१८ मध्ये, मरणानंतर ७२ वर्षांनी.

त्यानंतर २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या किताबाची लढत मिळाली नाही. ज्या डेम्प्सीला पत्रकारांनी अर्धशतकाचा मानकरी केले, तो हॅरी विल्सशी कधीच लढला नाही. सॅम लँगफर्ड, जो आमच्या मते बिनकिताबाचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा, १९४४ मध्ये एका पत्रकाराला हार्लेममध्ये सापडला तेव्हा आंधळा आणि कफल्लक होता.

म्हणून आमची क्रमवारी अशी: पहिला अली, कारण लिस्टन, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन, समोर जो उभा राहिला त्याच्याशी तो लढला. दुसरा जो लुई. तिसरा जॉन्सन. लुईला जॉन्सनच्या वर ठेवताना आम्ही केवळ बारा वर्षांची सत्ता आणि २५ वेळा राखलेला किताब बघत नाही. लुईला सांभाळणाऱ्यांनी त्याला बजावले होते की गोऱ्या बाईसोबत फोटो नको, हरवलेल्याकडे बघून हसू नको, म्हणजेच जॉन्सनसारखा वागू नको. जॉन्सन त्याचा इतका राग करायचा की १९३६ मध्ये त्याने लुईविरुद्ध श्मेलिंगवर पैसे लावले आणि जिंकल्यावर हार्लेममध्ये मिरवले. असा हा दबून वागायला शिकवलेला लुई. पण २५ जानेवारी १९३९ ला त्याने जॉन हेन्री लुईस या कृष्णवर्णीयाला किताबाची लढत दिली, अमेरिकेच्या भूमीवर दोन काळ्यांमधली या किताबाची पहिली. लुईस त्याचा मित्र होता आणि त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जात चालली होती. लढत पहिल्याच फेरीत संपली, पण मोठ्या लढतीचा मोबदला लुईसच्या हाती पडला.