साचा आणि काडतूस

उस्मानपुऱ्याजवळच्या क्रांती चौकातील काळा चबुतरा १८५७च्या शिपायांच्या देहदंडाची आठवण सांगतो. त्यांच्या उठावामागचा अविश्वास समजून घ्यायचा, तर एक क्षुल्लक वस्तू पाहावी: गोळीचा साचा. जुन्या शस्त्रांच्या संग्रहात अडकित्ता समजून आपण त्याला ओलांडतो. दोन दांड्या, मिटल्यावर मध्ये गोल पोकळी, एवढाच त्याचा आकार.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला, म्हणजे चुलीवरही वितळते. तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या एकसारख्या नसत, म्हणून साचा त्या त्या बंदुकीच्या मापाचा असे. गोळी ओतणारा आणि झाडणारा पुष्कळदा एकच.

कंपनीच्या फौजेत हे नाते तुटले. काडतूस तयार येई. शिपायाने ते दातांनी फाडायचे. एनफिल्डच्या काडतुसाला कसली चरबी लावली आहे, हे जाणण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. तो संशय केवळ धर्माचा मानला, की ही बाजू निसटते.

औरंगाबादेत जून १८५७मध्ये हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ बिथरले, ते आपल्याला दिल्लीच्या बादशहावर नेणार या अफवेने. जनरल वुडबर्नच्या फौजेने उठाव मोडला. निमित्त निराळे, दुखणे तेच: हातातले शस्त्र कशाचे, कोणावर, हे शिपायाला विचारतो कोण?

१८७८च्या कायद्याने बंदूक परवान्याखाली आली. साचा आज सापडतो तो बहुधा बंदुकीवाचून. संग्राहकाने त्याच्या पोकळीचे माप आणि मूळ घराची हकिकत टिपून ठेवावी. एरवी उरते ते फक्त लोखंड.