चार माणसांनी धरलेलं हेलिकॉप्टर

"पहिलं हेलिकॉप्टर कुणाचं?" या प्रश्नाला एका नावात उत्तर देऊन मोकळं होणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

१९०७ साली फ्रान्समधल्या दुए गावी लुई ब्रेगे आणि त्याचा भाऊ जाक यांनी प्राध्यापक शार्ल रिशे यांच्या मदतीने चार मोठ्या पंख्यांचं यंत्र बांधलं. (हे रिशे शरीरशास्त्रज्ञ. १९१३चं वैद्यकाचं नोबेल यांनाच मिळालं!) यंत्र माणसासकट वर उठलं, पण सुरुवातीला जेमतेम दोन फूट. कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी! वळवायची काही सोयच नव्हती. आता याला उड्डाण म्हणायचं का?

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला पॉल कोर्नू या सायकली बनवणाऱ्या गृहस्थाचं यंत्र कुणी न धरता फूटभर उठलं, असं सांगतात. पुढे अभ्यासकांनी गणित मांडलं, तेव्हा २४ अश्वशक्तीचं इंजिन त्याला पुरलं असेल का अशी शंका आली.

मी आपला ब्रेगेच्या बाजूचा. तो विमानांकडे वळला खरा, पण हे खूळ काही सुटलं नाही. १९३५ साली एकावर एक, विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन पंख्यांचं त्याचं नवं यंत्र उडालं. १९३६मध्ये तर ते ४४ किलोमीटर फिरून आलं, कुणीही न धरता.