मँचेस्टरचा टेरियर आणि आपल्याकडचा कापूस

आजचा विषय कुत्र्याचा, टेरियरचा. पण मी पडलो देवळीचा, त्यामुळे गाडी मधेच कापसाकडे वळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी नाव बघू. लॅटिनमध्ये 'टेरा' म्हणजे जमीन. त्यावरून फ्रेंचमार्गे 'टेरियर', म्हणजे जमिनीत घुसणारा. जॉन कायस या इंग्रज डॉक्टरनं 1570 मध्ये ब्रिटनच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं, त्यात खोकडाच्या आणि बॅजरच्या मागे बिळात शिरणाऱ्या या कुत्र्याची नोंद आहे. राजेरजवाड्यांचे शिकारी कुत्रे वेगळे. टेरियर पाळायचा शेतकरी, कारण त्याच्या कोंबड्या आणि धान्य वाचवायचं होतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन. बीळ अरुंद, म्हणून अंग लहान. झुडपं काटेरी, म्हणून बऱ्याच जातींचे केस राठ. आणि बिळाच्या आत मालकाचा हुकूम पोचत नाही, समोर दात विचकलेलं जनावर असतं. तिथं निर्णय एकट्यानंच घ्यायचा. लोक ज्याला टेरियरचा हट्टीपणा म्हणतात, तो इथून आला.

प्रकार ढोबळमानानं चार. लांब पायांचे, जसे फॉक्स टेरियर आणि सगळ्यांत मोठा एअरडेल. आखूड पायांचे, जसे स्कॉटिश आणि केर्न. बुलडॉगशी संकर करून झुंजीसाठी काढलेले बुल टेरियर. आणि मांडीवर मावणारे, जसा यॉर्कशायर. तिबेटी टेरियर मात्र नावापुरताच टेरियर, तो बिळात जाणारा कुत्राच नाही.

आता गाडी वळते. 19व्या शतकात इंग्लंडमधली माणसं शेत सोडून गिरणीत गेली, तसा टेरियरही शहरात आला. तिथं उंदीर भरपूर. 1835 च्या कायद्यानं अस्वल-बैलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद केले, पण उंदीर मारण्याच्या पैजा चालूच राहिल्या. त्यातून काळा-तांबूस, चपळ मँचेस्टर टेरियर नावारूपाला आला. स्कॉटलंडहून कामाच्या शोधात आलेल्या विणकरांनी आपले छोटे कुत्रे सोबत आणले, त्यातून पुढे यॉर्कशायर टेरियर घडला.

त्याच काळात, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग हिंदुस्थानच्या कापसाला मागणी आली. आपल्या भागातला 'बनी' हा देशी कापूस तिकडच्या बाजारात 'हिंगणघाट' या नावानं ओळखला जायचा. 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला. 1867 मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली, आणि बैलगाडीतला कापूस डब्यात चढला. इकडचा शेतकरी आणि तिकडचा उंदीरमाऱ्या कुत्रा पाळणारा गिरणी कामगार एकाच धाग्याची दोन टोकं होते. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नाही.

पुढे काय झालं? मँचेस्टरच्या गिरण्या गेल्या. आमच्या तालुक्यातली पुलगावची कापड गिरणीही बंद पडली. बनीची जागा दुसऱ्या वाणांनी घेतली. टेरियर टिकला, पण त्याचं काम गेलं. काम गेलं तरी अंगातलं कसब जात नाही, हे पुलगावात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पुण्यात माझ्या एका मित्राकडे यॉर्कशायर आहे. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला. तो कुंड्या उकरतो, जिन्यातल्या प्रत्येक आवाजावर भुंकतो, आणि घरचे त्याला रागावतात. बिचारा शेकडो वर्षं शिकवलेली ड्यूटी करतोय! म्हणून रीलमधला गोंडस चेहरा बघून टेरियर आणणार असाल, तर आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: याला आपण काम काय देणार? उकरायला मातीचा एक कोपरा, शोधायला लपवलेला खाऊ, रोजचं लांब फिरणं, एवढं जमत असेल तरच आणा. आणि मे महिन्यात आपल्या वर्ध्याच्या उन्हात त्याला दुपारी बाहेर काढू नका.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!