समुद्राकडे लावलेला कान

इंग्लंडच्या केंट परगण्यांत, फोकस्टन व डोव्हर यांच्या दरम्यान, अ‍ॅबट्स क्लिफच्या कड्यावर काँक्रीटची एक भिंत समुद्राकडे तोंड करून उभी आहे. चर्च म्हणावें तर मनोरा नाहीं, किल्ला म्हणावा तर जंग्या नाहींत; मध्यें केवळ परातीसारखा खळगा. मग हें आहे तरी काय?

२५ मे १९१७ रोजीं जर्मन विमानांनीं फोकस्टनवर बाँब टाकले. त्या धास्तींतूनच १९२८ सालीं हा ध्वनीचा आरसा उभारला गेला. दूरच्या विमानाची घरघर खळग्यावर आदळून एका ठिकाणीं एकवटे, व पहारेकरी ती ऐके. परंतु विमानांचा वेग वाढला, तसा सूचनेचा अवधि घटला. १९३५ सालीं रडारचा प्रयोग साधला आणि हा कान निरुपयोगी ठरला. तरी ठाण्याठाण्यांच्या वार्ता एकत्र जुळविण्याची येथें लागलेली शिस्त पुढें रडारच्याच कामीं आली. टाकून दिली ती भिंत, विद्या नव्हे.