ओवीतला ख्रिस्त : एकच प्रश्न, दोन बाजूंनी

१/ जानेवारी २०२०. उस्मानाबादला ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर होताच काही मंडळींनी विरोध केला, धमकीचे दूरध्वनीही आले. साऱ्या आक्षेपांचा सूर एकच होता : धर्मगुरूचा झगा घालणारा हा माणूस मराठीचा कसा?

२/ हा प्रश्न जुना आहे. मात्र चारशे वर्षांपूर्वी तो उलट्या दिशेने विचारला गेला होता, आणि विचारणारे होते गोव्यातले नवख्रिस्ती. त्यांचे उत्तर आजही ओव्यांमध्ये वाचायला मिळते.

३/ थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. लिपी रोमन, भाषा कोकणीची छटा असलेली मराठी, छंद ओवीचा आणि विस्तार सुमारे अकरा हजार ओव्यांचा.

४/ या ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? ही मागणी मला फार बोलकी वाटते. देव बदलला तरी पुराण ऐकण्याची भूक तीच राहिली होती. आणि पुराणे बंद का झाली, हेही विसरता येत नाही. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. धर्मांतराच्या या इतिहासात राजसत्तेची जबरदस्ती आहे, आणि ती झाकून कोणतेही समर्थन उभे राहत नाही.

५/ पण त्या जबरदस्तीची झळ ख्रिस्ती झालेल्यांनाही बसली. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला : लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलावे. धर्म स्वीकारला, आता जीभही द्या! लोकांनी ती दिली नाही. ‘ख्रिस्तपुराणा’ची त्या काळची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तोही या हस्तलिखितांच्या आधाराने.

६/ १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी वसईचे ख्रिस्ती तिथेच राहिले, शेतीवाडी करत, सामवेदी आणि वाडवळी बोलत. राजाश्रयाने आलेला धर्म राजाश्रयाविनाही इथल्या मातीत टिकला, ही नोंद आपल्या इतिहासकथनात सहसा येत नाही.

७/ आता प्रश्नाची दुसरी बाजू. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. इथे राजसत्तेची सक्ती नव्हती, तरी नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि समाजाने परके मानले. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजन आणले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते सांगत. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. तिच्या पहिल्या भागापासून (१९३४) आजवर, ती परक्या धर्माची म्हणून कुणी बाजूला ठेवल्याचे मला ठाऊक नाही.

८/ दिब्रिटो याच परंपरेतले. ‘सुवार्ता’चे संपादन, ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ, आणि वसईची हिरवाई वाचवण्यासाठी हरित वसईचा लढा. त्या लढ्यात विहिरीचे पाणी राखायचे होते, आणि ते पाणी कुठल्या धर्माचे, हे कुणी विचारले नाही. प्रकृती साथ देत नसतानाही ते उस्मानाबादला आले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

९/ म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला दोनदा परीक्षा द्यावी लागली. एकदा सत्ताधारी म्हणाले, आमचा झालास तर भाषा सोड. नंतर आपण म्हणालो, भाषा आमची असेल तर धर्माचा खुलासा कर. दोन्ही वेळा उत्तर मराठीत लिहिले गेले. १६८४ चा हुकूम आपल्याला अन्यायाचा वाटतो, आणि तो अन्यायाचाच होता. मग भाषा आणि धर्म यांची तीच गाठ २०२० मध्ये आपण मारू पाहिली, तेव्हा ती कोणत्या न्यायाने? नाताळात दारी चांदणी लागलेली पाहिली की मला हाच प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर त्या घरातल्या माणसांकडे मागणे मला अप्रशस्त वाटते.