लाखी खूण

बाळाच्या गालावर जन्मापासून असलेल्या लाल चट्ट्याला डॉक्टर ‘पोर्ट वाइन स्टेन’ म्हणतात. पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गडद लाल दारूवरून हे नाव पडलं. पोर्तो म्हणजे बंदर. ज्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती बाटली असायची, त्यांना तो रंग चटकन सुचला असणार. पण भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधल्या मराठी घरात हे नाव पोचतं, तेव्हा आजीला त्यातला एकच शब्द कळतो आणि तो नेमका दारूचा असतो.

माझ्या भाचीच्या उजव्या गालावर अशी खूण आहे. तिच्या लेझरच्या सिटिंग सुरू झाल्या, तेव्हापासून मी या खुणेची नावं जमवते आहे. जगभर माणसांनी एका तांबड्या चट्ट्यात काय काय पाहिलं, ते या नावांत साठून राहिलं आहे.

युरोपातल्या वैद्यांच्या लॅटिनमध्ये ती ‘नीव्हस फ्लॅमिअस’, ज्वाळेसारखी खूण. जर्मनमध्ये ‘फॉयरमाल’, म्हणजे आगीची खूण. पण जर्मनमध्येच जन्मखुणेला सर्वसाधारण शब्द आहे ‘मुटरमाल’, आईची खूण. इथून पुढे सगळ्या भाषा आईकडेच बोट दाखवायला लागतात. स्पॅनिशमध्ये जन्मखुणेला ‘अंतोहो’ म्हणतात, इटालियनमध्ये ‘व्होल्या’, फ्रेंचमध्ये ‘आंव्ही’. तिन्हींचा अर्थ एकच, डोहाळे. अरबी ‘वहमा’सुद्धा डोहाळ्यांच्याच शब्दाशी जोडलेला. आईला काहीतरी खावंसं वाटलं, ते मिळालं नाही आणि ती इच्छा बाळाच्या कातडीवर उमटली, अशी समजूत. आपल्याकडे डोहाळ्यांऐवजी ग्रहण आलं. ‘ग्रहणात बाहेर गेली होतीस का?’ हा प्रश्न माझ्या बहिणीला बाळंतपणाच्या खाटेवर ऐकावा लागला. विचारणाऱ्या बाईच्या मनात वाईट काही नव्हतं, पण त्या प्रश्नाने बहिणीला महिनोन्महिने झोप लागू दिली नाही.

तिला त्या वेळी कोणी सांगायला हवं होतं ते असं. या खुणेचं मूळ २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना सापडलं. ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकात एकाच जागी बदल होतो. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत तो आपोआप होतो आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या पेशींपुरताच राहतो. म्हणून ही खूण सहसा चेहऱ्याच्या एकाच बाजूला, एकाच पट्ट्यात दिसते. तिथल्या केशवाहिन्या फुगलेल्या राहतात आणि आतलं रक्त वरून दिसतं. हजार बाळांमागे साधारण तिघांना अशी खूण असते. ग्रहणाचा यात काही संबंध नाही आणि डोहाळ्यांचाही नाही.

मराठीत आपण सरसकट ‘डाग’ म्हणतो. फारसी ‘दाग़’ म्हणजे तापलेल्या लोखंडाने उठवलेली खूण. अलाउद्दीन खिलजीने फौजेतले घोडे डागायची जी पद्धत घातली, तिचं नाव ‘दाग़’च होतं. संस्कृतातला ‘दह्’ धातू आणि हा ‘दाग़’ एकाच प्राचीन कुळातले, दोघांच्याही पोटात जाळणं आहे. मराठीने मात्र या शब्दाला एक सुंदर वळण दिलं. सोन्याचा दागिना तोही आपल्याकडे डागच. ‘डागडागिने’ म्हणताना कोणाला कलंक आठवत नाही.

‘लांछन’ या शब्दाचं याच्या उलट झालं. संस्कृतात त्याचा अर्थ नुसती खूण, चिन्ह. दुर्गजवळच्या नगपुऱ्याला जैनांचं उवसग्गहरं पार्श्वतीर्थ आहे. तिथे कोणी भाविकाला विचारावं, पार्श्वनाथांचं लांछन कोणतं? तो भक्तिभावाने सांगेल, सर्प. ऋषभदेवांचं वृषभ, महावीरांचं सिंह. मूर्ती ओळखायची ती लांछनावरून. मराठीत हा शब्द काळवंडला तो चंद्रामुळे, असं मला वाटतं. त्याच्यावरच्या सशाला किंवा हरणाला लांछन म्हणता म्हणता ते उणं ठरलं. ज्ञानदेवांनी तेराव्या शतकात पसायदानात सज्जनांसाठी अलांछन चंद्राची उपमा घेतली, म्हणजे तोवर लांछन नसणं हा गुण झालेला होता. आज ‘लांछनास्पद’ वाचताना नगपुऱ्याचा सर्प कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तोंडावरच्या काळसर चट्ट्यांना आपण ‘वांग’ म्हणतो, त्याच्या मुळाशीही ‘व्यंग’ आहे. चेहऱ्यावरच्या रंगाला आपली भाषा उणेपणातच मोजत आली.

भिलाईत राहणाऱ्याला इथे रशियन भाषा आठवल्याशिवाय राहत नाही. पोलाद कारखान्यासाठीच्या १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत अभियंते कुटुंबांसकट इथे आले आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या लोकांच्या भाषेत जन्मखुणेला ‘रोदिमोये प्यात्नो’ म्हणतात. प्यात्नो म्हणजे डाग. ‘रोदिमी’ म्हणजे जन्माचा, पण त्याचबरोबर आपला, जिवाभावाचा. आई लेकराला हाक मारताना हाच शब्द वापरू शकते. मार्क्सने १८७५ मध्ये लिहिलं होतं की, नवा समाज जुन्या समाजाच्या पोटातून येतो, तेव्हा त्याच्या अंगावर जुन्याच्या जन्मखुणा असतात. त्याचा मूळ शब्द ‘मुटरमाल’च. रशियनमध्ये तोच ‘भांडवलशाहीच्या जन्मखुणा’ असा ठोकळेबाज वाक्प्रचार झाला. आणि १९८५ मध्ये त्याच देशाच्या सर्वोच्च पदावर मिखाईल गोर्बाचेव आले, कपाळावर भलीमोठी पोर्ट वाइन खूण घेऊन. सुरुवातीच्या सरकारी छायाचित्रांत ती पुसून टाकलेली असे. पुढे ती तशीच छापली जाऊ लागली. भाचीला तिच्यासारखी खूण असलेला माणूस पहिल्यांदा दाखवायचा होता, तेव्हा मी त्यांचाच फोटो शोधून काढला.

मला हवा असलेला शब्द मात्र सुश्रुतसंहितेत सापडला. निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात एक ‘जतुमणि’ येतो. जन्मजात, न दुखणारा, किंचित तांबूस, गुळगुळीत मंडल. सुश्रुतांच्या डोळ्यांसमोर नेमकी हीच खूण होती असा दावा मी करणार नाही. हे वर्णन इतर खुणांनाही लागू पडेल. पण नाव पाहा. जतु म्हणजे लाख. जतुमणि म्हणजे लाखेचं रत्न. गुजरातीत जन्मखुणेला आजही ‘लाखुं’ म्हणतात, आणि माझ्या कानाला त्यातही लाखच ऐकू येते. दारू नाही, आग नाही, आईची चूक नाही. झाडाच्या फांदीवर किडे जे तांबडं राळेसारखं कवच करतात, त्याचा हा रंग.

आणि लाख तर इथली. छत्तीसगडच्या कुसुम, पळस आणि बोरीच्या झाडांवर ती पिकते. तिच्यातून निघणाऱ्या लाल रंगाला आपण अळता म्हणतो, छत्तीसगडी बाया माहुर म्हणतात. लग्नात नवरीच्या पावलांना माहुर लावल्याशिवाय ती सजली असं कोणी म्हणत नाही. पावलावर तो रंग शुभ आणि गालावर दिसला की लोक ‘काय झालं’ म्हणून विचारतात.

सुश्रुतांचा उपचार कडक होता: शस्त्राने काढा आणि क्षाराने किंवा अग्नीने जाळा. आजचा लेझरही उष्णतेनेच काम करतो, पण ती कुठे उमटेल हे ठरवून. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी त्यामागचं तत्त्व मांडलं. रक्तातलं हिमोग्लोबिन जो प्रकाश शोषतं, तोच निवडायचा आणि इतका थोडा वेळ टाकायचा की वाहिनी तापेल, शेजारची कातडी नाही. त्यासाठीच्या ‘पल्स्ड डाय लेझर’चा प्रकाश ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा, पिवळसर. यातला ‘डाय’ म्हणजे खराखुरा रंग. यंत्रातल्या रंगद्रव्याच्या द्रावातून तो प्रकाश निघतो. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही तो थोडा खातं, म्हणून इथले डॉक्टर जपून, आधी पॅच टेस्ट करून पुढे जातात. डोळ्यांवर धातूची झाकणं, कातडीवर गार फवारा, मग शॉट. ‘रबर ताणून सोडल्यासारखं लागतं,’ असं भाची सांगते. नंतर आठवडा-दोन आठवडे गाल जांभळा-निळा पडतो आणि त्याच दिवसांत सगळे जास्त विचारतात. भिलाईच्या उन्हात सनस्क्रीन आणि ओढणी दोन्ही लागतात. चट्टा कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल, तर डोळ्यांचा दाब आधी तपासून घ्यावा. काचबिंदूची शक्यता असते आणि ते रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

ही खूण उपचाराविना राहिली तर वयाबरोबर गडद आणि जाड होत जाते. उपचाराने बहुतेकांची फिकी होते, पूर्ण जाते ती थोड्यांचीच. ‘डाग काढायला जातेय’ या वाक्यात म्हणूनच दोन चुका आहेत. ती काढायला जात नाही, फिकी करायला जाते. आणि तो डाग नाही. आमच्या घरात आता ‘लाखी खूण’ म्हणतात. हा शब्द मी बनवला, तो कोणत्याही कोशात नाही. पण ज्यांच्या लेकरांच्या गालावर हा रंग आहे, त्यांनी तो खुशाल घ्यावा.