देवाचा दरबार

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेला ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. ख्रिस्ती माणसाचे स्वातंत्र्य व त्याचे सेवकपण यांची सांगड भारतीय परंपरेच्या आधारे घालण्याचा महाराष्ट्रातील हा एक लक्षणीय प्रयत्न होय.

या प्रयत्नामागील तत्त्व ‘नव्या करारा’तील आहे. ख्रिस्ताने माणसाला नियमशास्त्राच्या ओझ्यातून मुक्त केले असून ही मुक्ती स्वैराचारासाठी नाही, प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे, असे प्रतिपादन संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात केले आहे. शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त हा योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंगही हेच सुचवितो. मार्टिन ल्यूथर याने १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात या विचाराची व्यवस्थित मांडणी केली : श्रद्धेमुळे माणूस कोणाचाही अंकित राहत नाही, प्रेमामुळे मात्र तो सर्वांचा सेवक होतो.

मराठी वाचकास ही भाषा परकी नव्हती. नवविधा भक्तीत ‘दास्य’ ही एक भक्ती मानली आहे. ज्यांचे नावच दास्यभाव व्यक्त करते, त्या समर्थ रामदासांची समाधी साताऱ्यानजीकच्या सज्जनगडावर आहे. टिळकांवर वारकरी संतांचा, विशेषतः तुकारामांचा, संस्कार गाढ होता व त्या भक्तिमार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. १८९५ मध्ये मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने त्यांनी अहमदनगर येथे अध्यापन, धर्मोपदेश व लेखन केले. मिशनच्या ज्ञानोदय पत्राचेही ते एक संपादक होते. भजन, अभंग व कीर्तन यांना त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले.

तथापि मिशनचा पगार घेणारा उपदेशक लोकांच्या दृष्टीने परदेशी संस्थेचा नोकरच ठरतो आणि त्याच्या त्यागावर कोणाचा विश्वास बसत नाही, हे टिळकांना जाणवत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व साताऱ्यास वास्तव्य केले. अर्थात हा संन्यास संसारत्यागाचा नव्हता. मानधनाचे बंधन तोडून लोकसेवेस मोकळे होणे, हा त्याचा आशय होता.

दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश होता. बाप्तिस्मा हा चर्चमध्ये प्रवेश देणारा संस्कार असल्यामुळे ही भूमिका रूढ चर्चव्यवस्थेस अडचणीची होती. ख्रिस्त हा गुरू मानावा, पण त्यासाठी आपली भाषा, संगीत व समाज यांच्याशी नाते तोडावे लागू नये, असा तिचा रोख होता. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे निवर्तले आणि त्यांच्या पश्चात दरबार फार काळ तग धरू शकला नाही.

याच प्रदेशात सेवेचा दुसरा, संस्थात्मक मार्ग मिरज येथे विकसित झाला. सांगली जिल्ह्यातील हे शहर त्या वेळी संस्थानी राजधानी होते. १८८९ मध्ये भारतात आलेले प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेबद्दल ते दूरवर प्रसिद्ध झाले. कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आणि भारतीय डॉक्टर व परिचारिकांचे शिक्षण यांचीही जोड त्यास मिळाली. १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब देण्यात आला.

दोन्ही मार्गांची मर्यादा एकमेकांच्या तुलनेत स्पष्ट होते. मिरजेच्या सेवेस परदेशी निधीचा आधार होता, म्हणून ती टिकली व वाढली. परंतु टिळकांना खुपणारे परावलंबन त्याच आधारात होते. साताऱ्याचा दरबार स्वतंत्र होता, परंतु त्याचे स्वातंत्र्य एका व्यक्तीच्या तपश्चर्येवर उभे होते. १९२२ मध्ये जे. सी. विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या व पुढे पुणे येथे स्थिरावलेल्या ख्रिस्त सेवा संघात साधेपणा, भारतीय उपासनापद्धती व सेवा यांना सामुदायिक रूप मिळाले. विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. दरबार संस्था म्हणून अल्पजीवी ठरला. मात्र सेवकाने कोणाचा पगारी असावे आणि कोणाचा दास, हा त्याने उपस्थित केलेला प्रश्न भारतीय ख्रिस्ती विचारात महत्त्वाचा ठरला.